असिसीकर संत फ्रान्सिस : बंधूंमध्ये लहान झालेले संस्थापक



दर वर्षी ४ ऑक्टोबर रोजी ख्रिस्तसभा असिसीकर संत फ्रान्सिस ह्यांचा सण साजरा करते. आपल्या धर्मग्रामांतील आबालवृद्धांना हे संत परके नाहीत. पाखरांना प्रवचन देणारे फ्रान्सिस, नाताळचा गोठा उभारणारे फ्रान्सिस आणि प्रभू येशूच्या पाच जखमांच्या खुणा अंगावर धारण करणारे फ्रान्सिस, अशा चित्रांतून आपण त्यांना लहानपणापासून ओळखतो. त्यांच्या दारिद्र्यव्रताविषयीही आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. तथापि त्यांच्या चरित्रातील एका घटनेकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ज्या बंधुसंघाची त्यांनी स्वतः स्थापना केली, त्याचे प्रमुखपद त्यांनी वयाची चाळिशी पूर्ण होण्याआधीच सोडून दिले आणि आयुष्याची शेवटची सहा वर्षे ते त्याच संघात एक साधे बंधू म्हणून इतरांच्या आज्ञेत राहिले.

२०२६ हे त्यांच्या निधनाचे आठशेवे वर्ष. त्या निमित्ताने त्यांचे जीवन ह्याच बाजूने वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा प्रयत्न आहे. गोरगरिबांपुढे नम्र होणे एक वेळ सोपे असते; परंतु ज्यांच्याबरोबर रोज उठायचे-बसायचे आणि ज्यांच्याशी आपली बरोबरी आहे, त्यांच्यामध्ये नम्र राहणे कठीण असते. संत फ्रान्सिस ह्यांच्या नम्रतेची खरी कसोटी त्यांच्या स्वतःच्या बंधूंमध्येच लागली, असे आम्हाला वाटते.

मोठे होण्याची स्वप्ने

फ्रान्सिस ह्यांचा जन्म इटलीच्या उंब्रिया प्रांतातील असिसी ह्या डोंगरउतारावरील नगरात ११८१ किंवा ११८२ साली झाला. वडील पिएत्रो बेर्नार्दोने हे कापडाचे श्रीमंत व्यापारी होते. आईचे नाव पिका. बाळाचा स्नानसंस्कार योहान ह्या नावाने झाला होता, परंतु वडिलांनी त्याला फ्रान्सिस म्हणण्यास सुरुवात केली आणि तेच नाव कायम झाले.

त्या काळी असिसीत नगरवासीयांचे दोन तट होते. जमीनजुमला आणि गढ्या बाळगणारे उमराव हे थोर समजले जात, तर व्यापारी, कारागीर आणि सामान्य लोक हे लहान समजले जात. व्यापारी वर्गाकडे पैसा आला होता, परंतु मान नव्हता. त्यातून नगरात मोठा संघर्ष पेटला. परागंदा झालेल्या काही उमरावांनी शेजारच्या पेरुजिया नगराचा आश्रय घेतला आणि १२०२ साली दोन्ही नगरांत युद्ध झाले. तरुण फ्रान्सिस असिसीच्या बाजूने लढले, पकडले गेले आणि सुमारे वर्षभर पेरुजियाच्या कैदेत राहिले. सुटकेनंतर दीर्घ आजारपण आले, परंतु मोठेपणाची ओढ गेली नाही. सरदारकी मिळवावी ह्या हेतूने १२०५ साली ते दक्षिणेकडील आपुलियाच्या मोहिमेवर निघाले. मात्र स्पोलेतो येथे त्यांना स्वप्नात प्रभूचा आवाज ऐकू आला आणि ते घरी परतले.

पुढील काही महिन्यांत त्यांचे अंतःकरण पालटत गेले. कुष्ठरोग्यांची त्यांना विलक्षण किळस वाटत असे. एके दिवशी वाटेत भेटलेल्या कुष्ठरोग्याला त्यांनी भीक दिली व त्याच्या हाताचे चुंबन घेतले. आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या मृत्युपत्रात आपल्या परिवर्तनाची सुरुवात त्यांनी कुष्ठरोग्यांच्या सहवासापासूनच सांगितली आहे. सान दामियानोच्या मोडकळीस आलेल्या देवळात क्रुसासमोर प्रार्थना करताना प्रभूने आपल्याला त्याचे घर दुरुस्त करण्यास सांगितले, असा त्यांना अनुभव आला. त्यांनी वडिलांचे कापड विकून पैसा उभा केला. संतप्त पित्याने त्यांना बिशप ग्विदो ह्यांच्यापुढे उभे केले, तेव्हा १२०६ साली सर्वांसमक्ष फ्रान्सिस ह्यांनी अंगावरील कपडेसुद्धा वडिलांना परत केले. बिशपांनी आपल्या झग्याने त्यांना झाकले. थोर होऊ पाहणारा व्यापाऱ्याचा मुलगा त्या दिवशी नगरातील सर्वांत लहान माणूस झाला.

लहान बंधू

सुरुवातीला ते एकटेच होते. मोडकी देवळे दुरुस्त करणे आणि कुष्ठरोग्यांची सेवा करणे हाच त्यांचा दिनक्रम होता. पुढे पोर्सियुंकुला येथील छोट्या देवळात मिस्साबलिदानाच्या वेळी प्रभूने शिष्यांना सोने-रुपे किंवा झोळी न घेता पाठविल्याचे शुभवर्तमान त्यांनी ऐकले आणि आपल्या जीवनाची वाट त्यांना स्पष्ट दिसली. लवकरच बेर्नार्द दा क्विंतावाल्ले हे धनाढ्य गृहस्थ, पेत्र कातानी आणि एजिदियो हे त्यांना येऊन मिळाले. आपल्या मृत्युपत्रात फ्रान्सिस ह्यांनी बंधूंना प्रभूची देणगी म्हटले आहे. हे बंधू त्यांनी निवडून गोळा केलेले अनुयायी नव्हते; ते त्यांना दिले गेले होते.

१२०९ साली अकरा सोबती घेऊन ते रोमला गेले आणि पोप तिसरे इनोसंट ह्यांनी त्यांच्या जीवनपद्धतीला तोंडी मान्यता दिली. संघाला त्यांनी लहान बंधूंचा संघ असे नाव दिले. असिसीच्या नागरिकांना ह्या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. ज्या नगरात थोर आणि लहान ह्या भेदावरून रक्त सांडले होते, तेथे उमरावाचा मुलगा आणि शेतमजूर एकाच झग्यात, एकाच नावाने राहू लागले होते. लहान होण्याचे पत्करल्याशिवाय ते बंधू होऊ शकले नसते.

पुढे लिहिल्या गेलेल्या नियमावलीतही हेच दिसते. संघातील कोणालाही श्रेष्ठत्वदर्शक पदवी असू नये आणि बंधूंनी एकमेकांचे पाय धुवावेत, असे त्यांनी १२२१ च्या नियमावलीत नमूद केले. जबाबदारीच्या पदावरील बंधूंसाठी त्यांनी सेवक ह्याच अर्थाचा लॅटिन शब्द निवडला.

एका छपराखाली

प्रारंभीच्या काळात हे बंधू असिसीजवळील रिव्होतोर्तो येथे एका पडक्या झोपडीत राहत. जागा इतकी अपुरी होती की प्रत्येकाला आपली बसण्या-निजण्याची जागा कळावी म्हणून फ्रान्सिस ह्यांनी तुळयांवर त्यांची नावे लिहिली होती. तेथील एका रात्रीची हकिगत त्यांच्या सोबत्यांनी जपून ठेवली आहे. मध्यरात्री एक बंधू भुकेने व्याकूळ होऊन ओरडू लागला. कडक उपवास त्याला सोसवला नव्हता. फ्रान्सिस उठले, दिवा लावला आणि जेवणाची पंगत मांडायला लावली. त्या बंधूला एकट्याने खाण्याची लाज वाटू नये म्हणून ते स्वतः त्याच्याबरोबर जेवायला बसले व इतरांनाही बसविले. मग प्रत्येकाने आपली प्रकृती ओळखावी, दुसऱ्याच्या उपवासाशी स्पर्धा करू नये, अशी त्यांनी सर्वांना समज दिली.

कडक उपवास करणाऱ्याला उपवास न झेपणाऱ्याविषयी तुच्छता वाटणे किती साहजिक असते! फ्रान्सिस ह्यांनी आपला उपवास बंधूसाठी मोडला. आपली तपश्चर्या बंधूच्या लाजेचे कारण होत असेल तर ती बाजूला ठेवणे त्यांना योग्य वाटले.

मात्र ह्या नम्रतेला दुबळेपणा समजण्याचे कारण नाही. पोर्सियुंकुला येथे असिसीच्या नागरिकांनी बंधूंसाठी पक्के घर बांधले, तेव्हा दारिद्र्यव्रताला बाधा येते म्हणून फ्रान्सिस स्वतः छपरावर चढले आणि कौले काढून खाली फेकू लागले. घर बंधूंच्या मालकीचे नसून नगराचे आहे, असे तेथील सरदारांनी सांगितले, तेव्हा ते मुकाट्याने खाली उतरले. तत्त्वासाठी ते कौले उतरवू शकत होते आणि खुलासा मिळताच थांबूही शकत होते. आम्हाला ह्या प्रसंगातील त्यांचे खाली उतरणे विशेष वाटते.

पदत्याग

संघ झपाट्याने वाढला. १२१७ साली त्याचे प्रांत पाडण्यात आले आणि बंधू इटलीबाहेर जाऊ लागले. पाचव्या क्रूसयुद्धाच्या काळात, १२१९ साली, फ्रान्सिस इजिप्तमधील दामिएत्ता येथे गेले आणि सुलतान अल-कामिल ह्यांना शस्त्राविना भेटले. ते दूर असताना इकडे त्यांच्या प्रतिनिधींनी उपवासाचे नवे कडक नियम केले. संघात गोंधळ माजला. एका बंधूने समुद्र ओलांडून ही वार्ता त्यांना कळविली आणि ते १२२० साली परतले.

तोवर संघात हजारो बंधू झाले होते. त्यांत विद्वान होते, कायदेपंडित होते, व्यवस्था उभारण्याची क्षमता असणारे होते. काहींना संस्थापकांची साधी वाट एवढ्या मोठ्या संघाला पुरेशी वाटत नव्हती. ह्यात सर्वस्वी चूक कोणाची, असे म्हणता येणार नाही. हजारोंचा संघ बाराजणांच्या झोपडीसारखा चालत नाही. फ्रान्सिस ह्यांची प्रकृतीही खालावली होती. इजिप्तहून ते डोळ्यांचा विकार घेऊन आले होते. अशा वेळी संस्थापकाचा अधिकार वापरून विरोधकांना गप्प करणे त्यांना शक्य होते. कार्डिनल उगोलिनो त्यांच्या पाठीशी होते आणि सामान्य जनता त्यांना संत मानत होती.

त्यांनी वेगळा मार्ग घेतला. १२२० च्या सप्टेंबरमध्ये भरलेल्या सभेत त्यांनी प्रमुखपदाचा त्याग केला, पेत्र कातानी ह्यांना पुढे केले आणि सर्वांदेखत त्यांच्यापुढे वाकून आज्ञापालनाचे वचन दिले. जमलेले बंधू रडू लागले. १० मार्च १२२१ रोजी पेत्र कातानी निवर्तले आणि बंधू एलियास ह्यांच्याकडे धुरा आली. फ्रान्सिस ह्यांनी त्यांचीही आज्ञा मानली. एवढ्यावर न थांबता आपल्यासाठी एक वडीलधारा बंधू नेमून घेऊन रोजच्या जीवनात ते त्याच्या आज्ञेत राहू लागले. एका तासापूर्वी संघात आलेला नवशिष्य जरी आपल्यावर नेमला तरी आपण त्याची आज्ञा पाळू, असे ते म्हणत.

ह्याचा अर्थ त्यांना दुःख झाले नाही असा नाही. ही वर्षे त्यांना अतिशय जड गेली. बंधूंना बळजबरीने मार्गावर आणणे हे राज्यकर्त्यांचे काम आहे, आपले नाही. आपण केवळ उदाहरणाने शिकवू शकतो, अशी त्यांची धारणा होती. नियमावलीवर त्यांनी पुन्हा परिश्रम घेतले आणि २९ नोव्हेंबर १२२३ रोजी पोप तिसरे होनोरिअस ह्यांनी तिला अंतिम मान्यता दिली.

ह्याच सुमारास एका प्रांताधिकाऱ्याला त्यांनी लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. हा अधिकारी आपल्या बंधूंना कंटाळून एकांतवासात जाऊ इच्छीत होता. फ्रान्सिस ह्यांनी त्याला कळविले की, जे बंधू आपल्या वाटेत अडथळा होतात त्यांनाही कृपा समजावे, त्यांनी आपल्या सोयीसाठी सुधारावे अशी अपेक्षा न धरता त्यांच्यावर प्रीती करावी. कितीही पाप केलेला बंधू त्याच्यासमोर आला तर दयेविना परत जाऊ नये. त्याने क्षमा मागितली नाही तर अधिकाऱ्यानेच त्याला क्षमा हवी का, असे विचारावे. प्रांताधिकाऱ्यासाठी ही गोष्ट एकांतवासापेक्षा मोलाची आहे, असे त्यांनी लिहिले.

बंद दारासमोर

खऱ्या आनंदाविषयी फ्रान्सिस ह्यांनी बंधू लिओ ह्यांना सांगितलेला एक दाखला प्रसिद्ध आहे. पॅरिसचे सारे विद्वान संघात आले, बिशप आणि राजे आले, बंधूंनी सर्व अविश्वासूंना श्रद्धेकडे वळविले, स्वतः फ्रान्सिस ह्यांना रोग बरे करण्याचे वरदान मिळाले, तरी त्यात खरा आनंद नाही, असे ते म्हणाले. मग त्यांनी एक प्रसंग कल्पिला. हिवाळ्याच्या रात्री चिखल तुडवीत ते पेरुजियाहून परत येतात. झग्याच्या काठावर गोठलेले पाणी पायांवर आपटून रक्त निघते. ते बंधूंचे दार ठोठावतात. आतील बंधू त्यांना ओळखतो, तरीही घालवून देतो : ते अडाणी आहेत, आता संघात इतके आणि असे बंधू आहेत की त्यांची गरज उरलेली नाही. विनवण्या करूनही दार उघडत नाही. अशा वेळी आपण शांत राहिलो आणि मनात कटुता येऊ दिली नाही, तर त्यात खरा आनंद आहे, असे फ्रान्सिस ह्यांनी सांगितले.

ह्या दाखल्यात दार बंद करणारा शत्रू नाही, आपलाच बंधू आहे. ज्या घराचा पाया आपण घातला, त्याच घरात आपली गरज नाही असे ऐकावे लागते. पदत्यागाच्या पार्श्वभूमीवर हा दाखला वाचला की तो किती जवळच्या दुःखातून आला असेल, ह्याची कल्पना येते.

उसने वस्त्र

१२२४ च्या सप्टेंबरमध्ये ला व्हेर्ना डोंगरावर प्रार्थना करताना त्यांच्या देहावर प्रभूच्या जखमांच्या खुणा उमटल्या. त्यानंतरची दोन वर्षे शारीरिक वेदनांची होती. दृष्टी जवळजवळ गेली. १२२५ साली सान दामियानो येथे आजारी असताना त्यांनी सृष्टीचे स्तोत्र रचले. त्याच काळात असिसीचे बिशप आणि नगराध्यक्ष ह्यांचे भांडण विकोपाला गेले होते. बिशपांनी नगराध्यक्षांना बहिष्कृत केले होते आणि नगराध्यक्षांनी बिशपांशी व्यवहार करण्यास लोकांना मनाई केली होती. कोणीही मध्यस्थी करीत नाही ह्याची फ्रान्सिस ह्यांना लाज वाटली. त्यांनी स्तोत्रात क्षमा करणाऱ्यांविषयी एक कडवे जोडले, दोघांना एकत्र बोलाविले आणि आपल्या बंधूंना त्यांच्यापुढे ते गायला लावले. नगराध्यक्ष बिशपांच्या पाया पडले. बिशपांनी त्यांना उठविले आणि आपल्या पदाला नम्रता शोभत असली तरी आपला स्वभाव रागीट आहे, असे कबूल करून क्षमा मागितली. दोघांनी एकमेकांना आलिंगन दिले.

अखेर जवळ आली तेव्हा फ्रान्सिस ह्यांनी आपल्याला पोर्सियुंकुला येथे नेण्यास सांगितले. तेथे त्यांनी स्वतःला उघड्या जमिनीवर ठेवून घेतले. त्यांच्यावर नेमलेल्या वडीलधाऱ्या बंधूने एक झगा आणला आणि हा झगा केवळ उसना दिला आहे, तो कोणाला देऊन टाकण्याचा अधिकार नाही, असे सांगून आज्ञेने तो स्वीकारायला लावला. फ्रान्सिस ह्यांना ह्याचा फार आनंद झाला. त्यांनी संत योहानकृत शुभवर्तमानातील वल्हांडण सणापूर्वीचा भाग वाचून घेतला. प्रभूने शिष्यांचे पाय धुतल्याची हकिगत त्याच अध्यायात येते. ३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी त्यांनी देह ठेवला. ते अखेरपर्यंत धर्मगुरू झाले नाहीत. डीकन म्हणूनच राहिले. १६ जुलै १२२८ रोजी पोप नववे ग्रेगरी, म्हणजेच पूर्वीचे कार्डिनल उगोलिनो, ह्यांनी त्यांना संत म्हणून जाहीर केले.

त्यांच्या पश्चात संघात मतभेद झाले. दारिद्र्यव्रत कसे पाळावे ह्यावरून वाद झाले, १५१७ साली संघाची अधिकृत विभागणी झाली आणि १५२८ साली कपुचिन शाखेला मान्यता मिळाली. नम्रतेचा वारसा मालमत्तेसारखा आपोआप पुढच्या पिढीला मिळत नाही. प्रत्येक बंधूला ती नव्याने पत्करावी लागते. ज्यांनी पत्करली त्यांतील एक आपल्या वसईचेच आहेत. संत गोन्सालो गार्सिया हे प्रथम व्यापारात होते. पुढे मनिला येथे ते संत फ्रान्सिस ह्यांच्या संघात साधे ब्रदर म्हणून दाखल झाले. जपानी भाषा येत असल्यामुळे ते आपल्या बंधूंचे दुभाषी झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांच्याबरोबर क्रुसावर हुतात्मा झाले. पुढे पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१३ साली असिसीकरांचे नाव धारण केले आणि ३ ऑक्टोबर २०२० रोजी असिसी येथे संतांच्या कबरीजवळ बंधुत्वावरील आपल्या परिपत्रकावर स्वाक्षरी केली.

आपल्यासाठी बोध

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांतून संघटनांची कमतरता नाही. गायकवृंद आहेत, युवक मंडळे आहेत, महिला मंडळे आहेत, धर्मग्राम परिषदा आहेत. वर्षानुवर्षे राबलेला कार्यकर्ता पद गेल्यावर मिस्सेनंतर मागच्या दाराने निघून जातो. नवा पदाधिकारी जुन्याला विचारावयास जात नाही. आम्हा धर्मगुरूंचीही बदली होते, आणि आपण सुरू केलेले काम दुसऱ्याच्या हाती वेगळे वळण घेताना पाहावे लागते. घराघरांत वाटणीच्या चार गुंठ्यांवरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत आणि दोघेही रविवारी एकाच वेदीसमोर पवित्र ख्रिस्तशरीर स्वीकारतात. प्रत्येकाची बाजू काही अंशी खरी असते. असिसीच्या बिशपांची आणि नगराध्यक्षांचीही असेल. प्रश्न एवढाच असतो की आधी कोणी वाकावे.

संत फ्रान्सिस ह्यांनी ह्या प्रश्नाचे उत्तर कोणावर लादले नाही. ते स्वतः आधी वाकले : भुकेल्या बंधूपुढे, आपल्याच जागी नेमलेल्या बंधूपुढे आणि शेवटी उसना झगा देणाऱ्या बंधूपुढे. वाकल्यामुळे त्यांना काय मिळाले, असे विचारले तर बंधू मिळाले, एवढेच उत्तर द्यावे लागेल. आपले म्हणणे खरे ठरले आणि भाऊ गमावला, तर त्या खरेपणाचे आपण काय करणार?

येत्या ४ ऑक्टोबरच्या सणाआधी आपल्यापैकी प्रत्येकाने एकच गोष्ट करावी, अशी आमची विनंती आहे. ज्या भावाशी, शेजाऱ्याशी किंवा सहकाऱ्याशी अबोला आहे, त्याच्या घरी आपण होऊन जावे. त्याने क्षमा मागण्याची वाट पाहू नये. दार उघडले तर प्रभूचे आभार मानावेत. उघडले नाही, तर फ्रान्सिस ह्यांनी लिओला सांगितलेला दाखला आठवावा आणि मनात कटुता न ठेवता परत यावे. असिसीकर संत फ्रान्सिस आपल्या कुटुंबांसाठी आणि धर्मग्रामांसाठी प्रभूजवळ विनंती करोत.